उल्हासच्या वाटची घरं

"सामान घेऊन यायचं. तुमचं ते वाजवायचं सामान. असं तिनं सांगितलंय," आबा म्हणाले.

ते आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात उभे होते. लूना रस्त्यातच स्टँडवर लावलेली. मी पाणी आणलं तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. आत या म्हटलं, तर त्यांनी खाली उंबऱ्याकडे पाहिलं आणि तिथेच उभे राहिले.

आबा म्हणजे आत्माराम भारंबे, उल्हासचे सख्खे काका. आणि उल्हास म्हणजे आमच्या बँडचा गायक. गिटारही तोच वाजवायचा. त्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता. स्मशानात आम्ही बँडमधले बाकीचे तिघं मागे उभे होतो, तेव्हा हेच आबा आमच्याजवळ आले होते आणि हळू आवाजात म्हणाले होते, "तुम्ही नसते, तं तो आज बागात राह्यला असता. आता घराकडे येऊ नका." आम्ही गेलो नव्हतो.

"सामान कशाला, आबा?" मी विचारलं.

"मले काय माहीत? गिरजा म्हने, गंधमुक्तीच्या दिवशी दुपारी त्या तिघाईले बोलवा, आन् वाजवाले लावा. मी नाही म्हटलं. सगळ्याईनं नाही म्हटलं. ती ऐकत नाही."

गिरजा म्हणजे गिरजामाय, उल्हासची आई.

"माय रागावल्यात का आमच्यावर?"

आबांनी लूनाचं हँडल धरलं. "रागावली असती तं बरं झालं असतं," ते म्हणाले, आणि पॅडल मारत निघून गेले.

शहाण्णव सालचा फेब्रुवारी होता. मी तेव्हा भुसावळला पार्सल ऑफिसात कारकून होते. वडील लोकोशेडमध्ये फिटर होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला लावून घेतलं होतं. आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, मी बास गिटार वाजवायचे, ती जाड तारांची, खर्जातली. हे सांगितलं की आजही लोक हसतात. हेमलता तायडे, बास गिटार.

ती बास क्लाइव अंकलच्या मुलाची. क्लाइव रॉबर्ट्स हे रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर, आमच्या कॉलनीतल्या शेवटच्या अँग्लो-इंडियन घरांपैकी एक त्यांचं. मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला आणि त्याची बास गिटार बैठकीतल्या भिंतीला टेकून राहिली. मी त्यांच्या बायकोकडे इंग्रजी शिकायला जायचे. एकदा अंकलनं विचारलं, "हेमा, बोटं मजबूत आहेत तुझी. शिकतेस?" मी शिकले. त्यांनी मला आधी ब्लूज शिकवलं, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं. म्हणाले, रॉक नंतर आपोआप येईल, ते याच्याच पोटातून निघालंय.

ब्लूज समजायला सोपं असतं. बारा बार, म्हणजे बारा तुकडे. अंकल त्यांना घरं म्हणायचे. बारा घरं फिरायची आणि परत आपल्या दारात यायचं, की पुन्हा पहिल्यापासून. गाणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. तीच ओळ पुन्हा म्हणतो, थांबतो. मग तिसरी ओळ, पहिलीला उत्तर देणारी. तो थांबतो तेव्हा गिटार बोलते. बासचं काम एवढंच, की काहीही झालं तरी चालत राहायचं. "तू रस्ता आहेस," अंकल म्हणायचे. "रस्त्यानं थांबायचं नसतं."

यावलच्या शाळेत पीटी शिकवणारा मुश्ताक तडवी ड्रम वाजवायला आला. आणि शेवटी उल्हास आला, स्वतःच्या टेम्पोतून, केळीची पानं चिकटलेला, तोंडात असलं इंग्रजी, की त्यातला प्रत्येक शब्द सावद्याच्या बाजारातून आल्यासारखा वाटावा. पण तो गायला लागला, आणि क्लाइव अंकल हार्मोनिका तोंडापासून दूर धरून नुसते बघत बसले. बाजा म्हणतो ना आपण, तोंडानं वाजवायचा, तो. नंतर मला म्हणाले, "ह्या माणसानं हे कुठे ऐकलं?" उल्हासला विचारलं तर म्हणाला, "अंकल, मी नाही ऐकलं. मले असंच गाता येते."

बँडचं नाव आम्ही 'जंक्शन' ठेवलं. काय काय केलं आम्ही! इंजिनिअरिंग कॉलेजांची गॅदरिंगं, रेल्वे इन्स्टिट्यूटचा नाताळचा डान्स, हायवेवरच्या हॉटेलची लॉन. एका ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटनसुद्धा वाजवलं, मालक प्रत्येक गाण्यानंतर येऊन विचारायचा, "नाचायचं कधी लावता?" गणपतीत एका मंडळानं आम्हाला ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं आणि तिसऱ्या गाण्याला विजेची वायर काढून घेतली. सगळं सामान उल्हासच्या टेम्पोतून जायचं. आमच्या अँपना, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्यांना, कायम कच्च्या केळीचा वास यायचा. तो सकाळी बागेत पाणी भरायचा, घड उतरवायचा, आणि दुपारी सामान घेऊन निघायचा. आम्ही तिघं गाडीनं नाहीतर एसटीनं मागून यायचो.

त्या दिवशीही तसंच झालं होतं. धुळ्याच्या कॉलेजात कार्यक्रम होता. आम्ही स्टेजवर त्याची वाट बघत बसलो. पारोळ्याच्या अलीकडे टायर फुटून टेम्पो नाल्यात गेला होता.

त्याच्या आईला आम्ही कधी भेटलो नव्हतो. तिला हा सगळा प्रकार मान्य नव्हता एवढं माहीत होतं. उल्हास तिच्या शिव्या आम्हाला नक्कल करून ऐकवायचा आणि स्वतःच हसायचा. अँपला ती डबा म्हणायची.

आबा गेल्यावर मी क्लाइव अंकलकडे गेले. मुश्ताकला निरोप पाठवला. तो आला, त्याला सगळं सांगितलं.

"चार माणसांत उभं करून बोलायचं असेल आपल्याला," तो म्हणाला. "बोलू दे. आईचा हक्क आहे."

"मग सामान कशाला मागवलंय?" मी म्हटलं.

"फोडायला," मुश्ताक म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

क्लाइव अंकल खिडकीबाहेर बघत होते. "आपण जाऊ," ते म्हणाले. "आणि सांगितलं तर वाजवू. पण गायचं नाही. त्याचे शब्द मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका."

आमचे मोठे अँप टेम्पोबरोबर गेले होते. अंकलच्या बैठकीतला लहान अँप, माझी बास, मुश्ताकचे उरलेले दोन ड्रम आणि एक झांज, एवढं घेऊन आम्ही गंधमुक्तीच्या दिवशी रिक्षानं उल्हासच्या गावी पोचलो. सुकी नदीच्या काठचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, मधून गार हवा यायची. गंधमुक्ती म्हणजे आमच्याकडे सुतक फिटायचा, घरच्यांच्या कपाळाला पुन्हा गंध लागायचा दिवस. विधी सकाळीच झाले होते. अंगणात मांडव घातलेला. एका बाजूला पुरुष, टोप्या मांडीवर ठेवून. दुसऱ्या बाजूला बायका, डोक्यावरून पदर घेऊन. आम्ही रिक्षातून अँप उतरवला तसे सगळे आमच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, कोणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं.

गिरजामाय घरातून बाहेर आली. लहान चणीची, काळीसावळी, पांढरं लुगडं. हाताला पीठ होतं. एवढे नातेवाईक असताना ती स्वतः कणीक मळत होती. मी तिच्या पाया पडले. तिनं मला उठवलं नाही, दूरही केलं नाही. तिचा चेहरा अगदी कोरडा होता. दुःख लपवलेलाही नाही, नुसता कोरडा, उन्हाळ्यात नदीचं पात्र असतं तसा.

"तू हेमा?" ती म्हणाली. "आन् हा मुश्ताक. हे साहेब."

"हो, माय."

"तो काय वाजवे, ते मले आयकायचं हाये. मी एकडाव बी नाही आयकलं."

मी अंकलकडे पाहिलं. ते पुढे झाले. "माताजी, तो नसताना ते पूर्ण नाही होणार. गाणं तोच म्हणायचा."

"मंग जेवढं तुमचं हाये, तेवढं वाजवा." तिनं आमच्या सामानाकडे पाहिलं. "तो कुठी उभा राहे?"

मी जागा दाखवली. माझ्या आणि अंकलच्या मध्ये, ड्रमच्या पुढे, एक पाऊल.

ती आत गेली, एक पाट घेऊन आली, आणि नेमका त्या जागी ठेवून त्यावर बसली. लोकांकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून. पुरुषांमध्ये कुजबुज झाली. आबांनी मान खाली घातली. शेजारच्या घरातून वायर ओढून आणलेली होती. मी अँप लावला, आणि तो नेहमीसारखा गुणगुणायला लागला.

"कोणतं?" मुश्ताकनं विचारलं.

"तो ज्यानं संपवायचा ते," अंकल म्हणाले. "सगळ्यात हळू. आणि हेमा, त्याच्या वाटची घरं मोकळी ठेव. भरू नकोस."

हे सांगायला पाहिजे, की गाणारा नसला की वाजवणाऱ्याला ती मोकळी जागा सहन होत नाही. हात आपोआप काहीतरी भरायला जातो. मी तसं केलं नाही. पहिलं घर, चार ठोके. मुश्ताकनं काठ्यांऐवजी ब्रश घेतले होते, ड्रमवर नुसता कोणी झाडतंय असा आवाज. अंकलनी बाजा ओठाला लावला, पण एखादाच सूर, अगदी दुरून. आणि उल्हासची ओळ यायची तिथे काहीच नाही. नुसती बास चालतेय. एवढ्या लोकांत ते मोकळेपण मला असं ऐकू आलं, की वाटलं, आता मला वाजवताच येणार नाही.

पहिली फेरी झाली. माणसं बघत होती. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "हे सुरू झालं का अजून?" दुसरी फेरी झाली. माय हलली नाही. तिची पाठ ताठ होती, मला फक्त पदराखालचा अंबाडा दिसत होता. तिसऱ्या फेरीत आबा उठून उभे राहिले.

"बस झालं," ते म्हणाले. "आयकलं ना गिरजा? आता जाऊ दे त्याईले."

मायनं त्यांच्याकडे न बघता हात वर केला. आबा तिथेच थांबले.

चौथ्या फेरीचं पहिलं घर सुरू झालं, आणि उल्हासची ओळ जिथे सुरू व्हायची, बरोबर तिथे, त्या पांढऱ्या लुगड्यातून एक आवाज निघाला.

मला आधी कळलंच नाही की तो तिचा आहे. तो वरून सुरू झाला आणि घरंगळत खाली आला. "उल्हास रे... माह्या लेका रे..."

आपल्याकडे गावात बायका मयतीला हेल काढून रडतात, ते मी लहानपणापासून ऐकलं आहे. माझी आईही वडिलांसाठी तशी रडलेली मला आठवते, आणि मला त्याची तेव्हा लाज वाटली होती. पण हा हेल आमच्या घरांवरून चालत होता. ती ओळ म्हणून थांबली. माझी बास चालत राहिली. पुढचं घर आलं, आणि तीच ओळ तिनं पुन्हा म्हटली, तशीच, फक्त जरा खालून.

"उल्हास रे... माह्या लेका रे..."

आणि मग तिसरी: "भाकर थंडी झाली रे, कोनाले वाढू रे..."

बायकांच्या बाजूनं कोणीतरी जोरात श्वास घेतला. अंकल थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत होतं, की थांबू या, आता आपण वाजवणं बरं नाही. मीही थांबणारच होते. पण माझी बोटं थांबली नाहीत. थांबलं तर ती पडेल, असं मला वाटलं. कोणी चालतंय आणि मी त्याच्या पायाखालून रस्ता काढून घेतेय असं. मी मान हलवली, नाही. अंकलनी डोळे मिटले.

पाचवी फेरी. "बागात पानी सुटलं रे... कोन भरीन रे..." ती थांबली, आणि या वेळी त्या थांबण्यात अंकलचा बाजा आला. त्यांनी तिचाच सूर घेतला होता, तो मधला, जो पेटीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी असतो. उल्हास तो सूर घ्यायचा तेव्हा अंकल म्हणायचे, हा शिकवता येत नाही. मला त्या क्षणी कळलं, उल्हासनं हे कुठे ऐकलं होतं. त्यानं ते पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं. गावातल्या प्रत्येक मरणात, आईच्या मांडीवर बसून, त्यानं हेच ऐकलं होतं, आणि त्याला वाटलं होतं की आपल्याला असंच गाता येतं.

तिनं बाजाचं उत्तर ऐकलं. मी बघत होते, ती खरंच ऐकत होती. तिनं मान थोडी कलती केली, ते संपू दिलं, आणि मग पुढची ओळ घेतली. त्यानंतर ती प्रत्येक ओळीनंतर जागा सोडायला लागली. कोणी सांगितलं नाही. सत्तर वर्षांचे क्लाइव रॉबर्ट्स आणि ती, एकमेकांकडे न बघता, एकमेकांशी बोलत होते.

"पावसात भिजून येशीन रे... आंगं कोन पुसीन रे..."

मग ती थोडी पुढे वाकली, दोन्ही हात जमिनीवर टेकवले, आणि आवाज एकदम वर नेला.

"मी शिव्या देल्या रे... मी शिव्या देल्या रे... डब्याले आग लागो म्हने रे..."

बाजा बोलला.

"मी शिव्या देल्या रे... डब्याले आग लागो म्हने रे..."

आणि तिसरी ओळ यायला वेळ लागला. ते घर तसंच गेलं. मुश्ताकनं ब्रश जवळजवळ थांबवले होते. मी चालत राहिले. पुढच्या घरात, अर्ध्यावर, ती आली.

"डबा वाजते रे... तू कुठी रे..."

आबा उभे होते ते खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं. बायकांमधून एक म्हातारी उठली, येऊन मायच्या शेजारी बसली, आणि तिनंही हेल काढला. पण तिच्या ओळीत नाव दुसरंच होतं, कोणा शांतारामचं. मग आणखी एक आली. तिच्या ओळीत एक मुलगी होती, विहिरीतली. प्रत्येक बाई आपापलं माणूस घेऊन येत होती आणि आमच्या बारा घरांत कुठेतरी जागा करून बसत होती. कोणी कोणाच्या आड आलं नाही. मी आयुष्यात मोठे कार्यक्रम बघितले आहेत, नंतर पुण्या-मुंबईला वाजवलंही आहे. असा आवाज पुन्हा ऐकला नाही. उन्हात मांडवाचं कापड पांढरं तापलेलं, केळीच्या बागेतून वारा येतोय, आणि तो आवाज आमच्या डोक्यावरून गावाच्या बाहेर जातोय. मी रडत होते की नव्हते ते मला आठवत नाही. वडील आठवले एवढं आठवतं.

किती फेऱ्या झाल्या माहीत नाही. शेवटी मायच थांबली. बाकीच्या बायका एकेक करून थांबल्या. तिनं पदरानं तोंड पुसलं, वळून माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "राहू दे आता. हात दुखले असतीन पोरीचे."

माझ्या बोटांना फोड आले होते. तिला ते तिथून कसं दिसलं कोण जाणे.

मी अँप बंद केला. आबा माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे लाल होते.

"ती रडलीच नव्हती," ते म्हणाले. "त्याले घरात आनलं तव्हापासून एक टिपूस नाही. धड अन्न नाही. नुसती काम करू राह्यली होती, रात्रंदिवस. डॉक्टर म्हने, हिले रडवा, नाही तं हे बी जाईन. बायाईनं सगळं करून पाह्यलं. काल मले म्हने, आबा, मले रडू येत नाही, माह्या पोराचा आवाज मले आठवत नाही." ते थांबले. "मी तुम्हाले बोललो होतो."

"असू द्या, आबा," मुश्ताक म्हणाला.

मायनं आम्हाला जेवायला बसवलं आणि स्वतः आमच्या पंगतीत बसली. तिच्या पानात तिच्याच हातच्या पोळ्या वाढल्या. ती एक घास खाईपर्यंत सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. तिनं मुश्ताकला विचारलं, "तुह्या यावलले पाऊस कसा झाला यंदा?" आणि तो सांगायला लागला.

पुढे बँडचं काय करायचं ते आम्हाला कळेना. दुसरा गायक बघायचा धीर झाला नाही. दिवाळी झाली. एका सकाळी, मी ऑफिसला निघणार, तेवढ्यात क्वार्टरसमोर एक टेम्पो उभा राहिला आणि ड्रायव्हरशेजारून गिरजामाय उतरली.

"सामान काढ," ती म्हणाली. "साहेबाईले बोलाव."

फैजपूरकडच्या एका गावातली बाई तिला भेटून गेली होती. त्या बाईचा तरुण मुलगा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता. सून कल्पना, पंचविशीचीही नाही, कडेवर चार-पाच महिन्यांचं मूल. नवरा गेल्यापासून ती बोलत नव्हती. एक शब्दही नाही. मुलाला पाजायची आणि भिंतीकडे बघत बसायची.

क्लाइव अंकल नको म्हणाले. "माताजी, आपण डॉक्टर नाही. एकदा झालं ते झालं. प्रत्येक वेळी तसंच होईल असं नाही."

"मी कुठी म्हनते डॉक्टर हाये?" माय म्हणाली. "तुम्ही मधी जागा सोडता ना, तेवढी सोडा. तिचं ती पाहीन."

आम्ही गेलो. त्या घराची बैठक लहान होती. कल्पना कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, बाळ पुढ्यात गोधडीवर. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. माय तिच्या शेजारी जाऊन बसली, तिला हात लावला नाही, आणि मला म्हणाली, "वाजव."

आम्ही वाजवलं. तेच, सगळ्यात हळू. मोकळी घरं मोकळी ठेवली. एक फेरी, दुसरी, पाचवी. काहीच झालं नाही. सासू दारात उभी राहून पदर तोंडाशी धरून होती. मी मायकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता हेल काढेल, वाट दाखवेल.

"आखीन," ती एवढंच म्हणाली.

अंकलनी बाजा खाली ठेवला. आता फक्त बास आणि ब्रश. आणखी किती तरी फेऱ्या गेल्या. मग कल्पनानं मान वळवली. तिनं आधी अँपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, सरळ डोळ्यांत. तिचे ओठ हलले, आणि बरेच दिवस न वापरलेला, खरखरीत आवाज आला.

"हळू वाजवा," ती म्हणाली. "बाळ निजेल हाये."

मायनं बाळाच्या अंगावर गोधडीचं टोक ओढलं. मी अँपचं बटण फिरवलं, अजून फिरवलं, शेवटी बंदच केला, आणि नुसत्या तारांवर वाजवत राहिले. इतकं हळू, की त्या खोलीत बाळाचा श्वास ऐकू यायला लागला, आणि मुश्ताकनं ब्रश हातात घेऊन क्षणभर तो ऐकला, आणि ठेका त्याच्यावर धरला.